परिवारातला वर

वैजयंतीबाईंचं ठाम मत होतं, की आपल्याला काय हवंय हे ज्यांना माहीत नसतं, त्यांच्यासाठी माउस असतो. ते बिचारे पडद्यावर बाण फिरवत बसतात, अनोळखी घरात चहाचा डबा शोधावा तसे. ज्याला माहीत आहे त्याने नुसतं नाव घ्यावं, वस्तू समोर हजर व्हावी.

होटगी रस्त्यावरच्या रुक्मिणीबाग मंगल कार्यालयाच्या त्या व्यवस्थापक. फाटकाला लागून असलेली काचेची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. त्यात एक कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरला जोडलेलं सगळं कार्यालय: मांडवातले, जेवणाच्या हॉलमधले, फाटकावरचे स्पीकर आणि स्टेजशेजारचा भलामोठा पडदा. तरुणपणी बाईंनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि बोटं अजून त्याच वेगात होती. पुढे माउसने खांदा धरला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, बाईंनी गोळ्यांऐवजी माउसच बंद केला.

मग यूट्यूबवर बघून त्यांनी एक छोटा प्रोग्राम बसवला. तो प्रोग्राम कीबोर्डला कान लावून बसायचा. ठरवून दिलेली इंग्रजी अक्षरं ओळीने दाबली, की ठरवून दिलेलं काम व्हायचं. ‘हॉल’ची चार अक्षरं दाबली की बुकिंगचं फोल्डर. ‘फोटो’ दाबलं की नवरा-नवरीचे फोटो पडद्यावर. व्ही-ए-आर, म्हणजे ‘वर’, असं दाबलं की सनई सुरू आणि मागोमाग बाईंचा आवाज, “नवरदेव दारात आले आहेत. सुवासिनींनी ओवाळणीचं ताट घेऊन पुढे यावं.” ‘जेव’ दाबलं की पहिल्या पंगतीचं बोलावणं. ‘गाडी’ दाबलं की, “फाटकासमोर लावलेली पांढरी गाडी मालकांनी कृपया काढावी.” ‘मूल’ दाबलं की, “एक लहान मूल सापडलं आहे, फार रडत आहे. आईने ताबडतोब ऑफिसजवळ यावं.” आणि ‘वाज’ दाबलं की सनई, ताशा, संबळ, सगळं एकदम, कानठळ्या बसतील असं. शेवटच्या अक्षतांसाठी.

सगळ्या सूचना बाईंनी गच्चीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या. तिथे आवाज घुमतो आणि माणूस रेडिओवर बोलल्यासारखा वाटतो. त्या आवाजावर त्यांचा फार जीव होता.

एंटरसुद्धा दाबायला लागायचं नाही. शेवटचं अक्षर पडलं की काम फत्ते.

“ताई, चुकून कुणी दाबलं तर?” कार्यालयाचा मालक महेश्वर एकदा म्हणाला होता. त्याच्या वडिलांच्या काळापासून बाई कामाला, त्यामुळे मालक असूनही तो त्यांच्या खोलीत यायच्या आधी दार वाजवायचा.

“अण्णा, माझ्या कीबोर्डला माझ्याशिवाय कोण हात लावणार?” बाई म्हणाल्या. विषय संपला.

त्या रविवारी लग्न होतं करमाळ्याच्या चेतनाचं आणि अक्कलकोटच्या ओजसचं. मुलीचे वडील आदिनाथराव सकाळपासून पांढऱ्या टोपीची घडी सारखी करत सगळ्यांना हात जोडत फिरत होते. मुलाकडची मंडळी मोजकं बोलणारी. त्यांच्यात शब्द चालायचा तो आजीचा, चंद्रव्वांचा. नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात काठी. मराठीत सुरुवात करायच्या आणि राग आला की कानडीत जायच्या. आदिनाथरावांना त्या कानडीची इतकी धास्ती होती, की चंद्रव्वा समोर आल्या की ते आधी कॉफी मागवत.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा. वाजंत्रीवाल्यांची गाडी टेंभुर्णीजवळ पंक्चर होऊन पडलेली. महेश्वर कपाळाला हात लावून ऑफिसात आला.

“ताई, वाजंत्री न्हाय आता.”

“आहे,” बाई म्हणाल्या आणि कीबोर्डवर हात ठेवला. “तीन अक्षरं.”

महेश्वरला हायसं वाटलं. बाईंनाही वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

एवढ्यात नवरीचा मामा आत आला. दिग्विजय. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. फेटा बांधलेला, पाठीला लॅपटॉपची बॅग. लग्नातही ती बॅग सोडून त्याला चैन पडत नसावं.

“ताई, पडद्यावर स्वागताचा मजकूर टाकायचाय. जरा बसू का तुमच्या जागी?”

“मला सांगा, मी लिहून देते.”

“छे छे, माझं रोजचं काम आहे हे. माउस कुठंय?”

“माउस नाही.”

दिग्विजयने टेबलाखाली वाकून बघितलं, मग बाईंकडे बघितलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती, कीव होती, आणि कीव बाईंना मुळीच सोसायची नाही. त्याने बॅगेतून स्वतःचा माउस काढला. निळा दिवा लागणारा. तो टेबलावर ठेवून तो बाईंच्या खुर्चीत बसलासुद्धा.

“बरं, बसा. पण कीबोर्डला फार हात लावू नका,” बाई म्हणाल्या.

“मग लिहू कशाने, ताई?”

तेवढ्यात आचाऱ्याने हाक मारली, की भट्टीचा गॅस फुरफुरतोय. बाई तशाच स्वयंपाकघराकडे गेल्या.

त्या भट्टीशी वाकून नळी तपासत होत्या आणि वर स्पीकरमधून सनई सुरू झाली. पाठोपाठ रेडिओवरच्यासारखा आवाज आला, “नवरदेव दारात आले आहेत. सुवासिनींनी ओवाळणीचं ताट घेऊन पुढे यावं.”

आचारी म्हणाला, “बाई, तुमी हितं आणि तितं बी?”

बाई सरळ झाल्या. आपण न बोलता आपलाच आवाज ऐकू येणं हा अनुभव फार चमत्कारिक असतो. क्षणभर त्यांना वाटलं, आपण मेलोबिलो की काय.

बाहेर करमाळ्याच्या बायकांची धावपळ उडाली. नवरदेव अजून मारुतीच्या देवळात होता आणि वरात पोचायला अवकाश होता. पण आवाज खात्रीचा. ताट आलं, निरांजन आलं, भाकरतुकडा आला. फाटकात रिक्षेतून एक फेटेवाले गृहस्थ उतरत होते. फेटा तर सगळ्यांनाच होता. नवरीच्या मावशीने चष्मा घरी ठेवला होता, कारण चष्म्याने नथ नीट दिसत नाही. तिने त्या गृहस्थांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि ओवाळायला घेतलं. ते मुलाकडचे कुणी दूरचे काका होते, वयाने साठीच्या पुढचे. त्यांनी काही खुलासा केला नाही. डोळे मिटून शांत उभे राहिले. त्यांचं एवढं कौतुक त्यांच्या स्वतःच्या लग्नातही झालं नसावं.

आदिनाथराव धावत स्वयंपाकघराच्या दारात आले. “आवो बाई, नवरदेव कुटं हाय? तुमीच बोलला की आत्ता.”

“मी नाही बोलले.”

“आवाज तुमचाच हाय.”

“आवाज माझा आहे. मी नाही.”

आदिनाथरावांनी टोपी काढून परत घातली. बाई ऑफिसकडे निघाल्या, तोच स्पीकर पुन्हा बोलला, “फाटकासमोर लावलेली पांढरी गाडी मालकांनी कृपया काढावी.”

आता सोलापूर जिल्ह्यात ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे ती पांढरीच असते. मांडवातले निम्मे पुरुष उठले. प्रत्येकाने आपली गाडी मागे घेतली, दुसऱ्याच्या पुढे लावली, आणि त्या दुसऱ्याने उतरून त्याला ती काढायला सांगितलं. नेमकी त्याच वेळी खरी वरात आली. घोडा पुढे, मागे अक्कलकोटची मंडळी, आणि समोर पांढऱ्या गाड्यांची एक भिंत. घोड्याने एका गाडीच्या बॉनेटवर तोंड ठेवलं आणि तो उभाच राहिला. शेवटी ओजस घोड्यावरून उतरला, शेरवानी गुडघ्यापर्यंत उचलून दोन गाड्यांच्या मधून आडवा चालत आत आला. त्याला ओवाळायला कुणी नव्हतं. ताट काकांवर संपलं होतं.

बाई गर्दीतून वाट काढत होत्या. ऑफिसच्या काचेपर्यंत पोचतात न पोचतात तोच डोक्यावरचा स्पीकर कळवळून म्हणाला, “एक लहान मूल सापडलं आहे, फार रडत आहे.”

पुढे काय झालं ते सांगायला नको. लग्नात कुठलीही आई शपथेवर सांगू शकत नाही की आपलं पोर या घडीला कुठे आहे. ज्यांची पोरं कडेवर होती त्यासुद्धा धावल्या. बाईंना त्या लोंढ्याने उचलून त्यांच्याच ऑफिसात आणून सोडलं.

आत दिग्विजय पांढराफटक पडून बसला होता. पडद्यावर त्याचं अर्धं वाक्य लटकत होतं, ‘पाटील परिवारातर्फे सर्वांचे स्वागत. श्री. जगदीशराव यांची अमूल्य’. शेजारच्या खुर्चीत चंद्रव्वा काठी रोवून बसल्या होत्या. मूल म्हटल्यावर त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या.

“मगु एल्ली?” त्यांनी विचारलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, “पोरगं कुटं हाय?”

“आजी, पोरगं नाही,” दिग्विजय म्हणाला.

“रडतंय म्हणत्यात आणि न्हाय म्हणतोस? दाव आधी. दावल्याबिगर मी उठत न्हाय.”

महेश्वर दार न वाजवता आत आला, यावरून प्रसंग कळावा. “काय चाललंय हे?”

“कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे,” दिग्विजय म्हणाला. “भयंकर व्हायरस. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण असा बोलणारा व्हायरस पहिल्यांदा बघतोय.”

“तो व्हायरस नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “ती मी आहे.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाईंनी पदर खोचला. “तुम्ही परिवार लिहिलंत ना?”

“हो.”

“त्यात वर आहे.”

“कुठे?”

“शेवटी. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिता ना तुम्ही? म्हणून बघा. पी-ए-आर-आय, आणि मग व्ही-ए-आर. वर आला. मग तुम्ही जगदीशराव लिहिलंत, त्यांच्या पोटात गाडी आहे. आणि अमूल्यमध्ये मूल. मराठीत नीट विचार न करता लिहिलं की असं होतं.”

दिग्विजयने ओठ हलवत अक्षरं मोजून बघितली. गाडी सापडली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“ताई, हे बंद करा आत्ताच्या आत्ता,” महेश्वर म्हणाला.

“बंद करते. मग अक्षतांना वाजंत्री तुम्ही तोंडाने वाजवा.”

टेंभुर्णीची आठवण सगळ्यांनाच होती.

“आणि अण्णा, एक लक्षात घ्या,” बाईंनी आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा ठेवला. “आवाज माझा, अक्षरं माझी. पण हात यांचे होते.”

“अहो पण असं कोण बसवतं? नेहमीचे शब्द कोण ठेवतं?” दिग्विजय म्हणाला.

“नेहमीचे शब्द लक्षात राहतात म्हणून ठेवते. तुमच्यासारखे पासवर्ड ठेवून दर सोमवारी विसरायला मी काही पुण्यात नोकरीला नाही.”

मांडवातून हाका यायला लागल्या. मामाला बोलवा, नवरीला स्टेजवर आणलंय, मामा कुठंय. अंतरपाट धरला गेला होता. मुहूर्ताला वेळ होता, पण रामहरी गुरुजींनी मंगलाष्टकं आधीच सुरू केली होती, कारण दोन्हीकडच्या बायकांना आपापली मंगलाष्टकं म्हणायची होती आणि त्यांना नाही म्हणण्यापेक्षा लवकर सुरू करणं सोपं असतं.

चंद्रव्वा काठीने फरशी ठोकत होत्या. “मगु एल्ली?” बाई त्यांच्यापुढे वाकल्या आणि समजावू लागल्या. तेवढ्यात दिग्विजयचं लक्ष पडद्याकडे गेलं. मांडवाएवढ्या पडद्यावर ‘जगदीशराव यांची अमूल्य’ असं लटकत होतं. प्रमुख पाहुणे असलेले जगदीशराव स्वतः पहिल्या रांगेत बसून त्याकडे बघत होते. आपली अमूल्य काय, हे त्यांना जाणून घ्यायचं असावं.

‘उपस्थिती’ हा शब्द दिग्विजयने आधी मनात म्हणून बघितला. निर्धोक वाटला. लिहिला. काही झालं नाही. त्याला धीर आला. शेवटची एक ओळ, मग उठू. वर नाही, गाडी नाही, मूल नाही, हे त्याने नीट तपासलं आणि लिहिलं, ‘शुभमुहूर्त दुपारी साडेबारा वाजता’.

वाजता हा शब्द त्याचा पुरता लिहूनही झाला नाही. सनई, ताशा आणि संबळ एकदम कोसळले.

मांडवात प्रत्येकाच्या मुठीत अक्षता होत्या. मराठी माणूस मंगलाष्टकांचे शब्द ऐकत नसतो, तो वाजंत्रीची वाट बघत असतो. रामहरी गुरुजी एका लांब ओळीच्या मध्यावर होते. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्याच उघड्या तोंडात पहिल्या अक्षता पडल्या. मग चारी बाजूंनी पाऊस. टाळ्या झाल्या. आणि वाजंत्री वाजल्यावर जे होतं तेच झालं. खुर्च्या सरकल्या आणि माणसं जेवणाच्या हॉलकडे निघाली. चालत नव्हे. पहिल्या पंगतीला पान मिळवायचं तर चालून भागत नाही.

वैजयंतीबाई मांडवात पोचल्या तेव्हा तिथे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. स्टेजवर अंतरपाट तसाच. एका बाजूला चेतना, दुसऱ्या बाजूला ओजस.

“झालं का आपलं?” पडद्यापलीकडून ओजसचा आवाज आला.

“मला काय माहीत,” चेतना म्हणाली.

“मग हा पडदा का धरलाय अजून?”

गुरुजींनी तोंडातला तांदळाचा शेवटचा दाणा काढला. “काही झालेलं नाही. मुहूर्त अजून यायचाय. माणसं आणा आणि अक्षता आणा.”

आदिनाथराव रिकाम्या मांडवाच्या मधोमध उभे होते. रागावले असते तर बाईंनी दोन शब्द सुनावले असते. पण ते रागावलेले नव्हते. “बाई,” ते हळूच म्हणाले, “एकुलती लेक हाय माजी. चार माणसं तरी बगायला पायजेत की.”

बाईंनी पदर पुन्हा घट्ट खोचला. “चार कशाला? सगळी आणते.”

त्या ऑफिसात आल्या. दिग्विजय एव्हाना बहिणीच्या लेकीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला होता. त्याचा माउस निळा दिवा लावून तसाच पडला होता. बाईंनी तो कोपराने बाजूला सारला आणि ‘गाडी’ दाबलं. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांचा आवाज घुमला. कुणी मान वर केली नाही. त्यांनी ‘मूल’ दाबलं.

“सापडू दे,” कुणीतरी भाकरी मोडत म्हणालं. “मगाधरनं सापडतंय ते पोरगं.”

महेश्वरने मग माइक घेतला. घामाघूम होऊन म्हणाला, “पाहुणे मंडळी, लग्न अजून झालेलं नाही. कृपया परत मांडवात यावं.” हॉलमध्ये हशा पिकला. आता बाईच्या जागी बाप्या आला, असं एकाने म्हटल्यावर दुसऱ्याला ठसका लागला.

वैजयंतीबाईंनी स्पीकरकडे बघितलं. इतक्या जिवाने रेकॉर्ड केलेला आवाज, आणि आता त्याला कढीएवढीही किंमत नव्हती. पण रडत बसायला वेळ नव्हता. त्या वळल्या. चंद्रव्वा अजून खुर्चीतच होत्या, काठी रोवून, मुलाची वाट बघत.

“आजी,” बाई म्हणाल्या, “खरं सांगते. मूल हरवलेलं नाही. मूल नव्हतंच. पण तुमचा नातू तिकडे लग्नाशिवाय उभा आहे आणि सगळं गाव जेवायला बसलंय.”

चंद्रव्वांनी त्यांच्याकडे एकदा रोखून बघितलं. मग उठल्या. बाई हात द्यायला गेल्या तर तो त्यांनी झिडकारला.

जेवणाच्या हॉलच्या दारात उभं राहून चंद्रव्वांनी काठी एकदाच आपटली. “एळ्री,” त्या म्हणाल्या. माइक नव्हता, तरी मागच्या रांगेतल्या वाढप्याच्या हातून वाटी पडली. “लगीन व्हायचंय अजून. उठा. न्हाय उठलं तर पानावरनं ओढीन.”

अक्कलकोटची माणसं एकजात उठली. चंद्रव्वांपुढे आजवर कुणी बसून राहिलेलं नव्हतं. मुलाकडचे उठले म्हटल्यावर करमाळ्याचे कसे बसून राहतील? तेही उठले, जरा जास्तच आवाज करत. काहींनी हात धुतले. काहींनी जिलबी हातात ठेवली, न जाणो परत आल्यावर पान राहील न राहील.

बाईंनी तोवर कोठारातून तांदळाचं पोतं ओढत आणलं. कुंकू घातलं, परातीत कालवलं आणि माणसं आत येतील तशा मुठी भरल्या. बऱ्याच मुठींना शेंगाच्या चटणीचं तेल होतं. त्या अक्षता एकमेकींना चिकटून लाडवासारख्या झाल्या होत्या.

“ताई, कीबोर्डला हात लावू नका,” महेश्वर त्यांच्या मागे धावत ऑफिसात आला. “पाया पडतो.”

“पडू नका. पाठ भरेल,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. काचेतून त्यांना स्टेज दिसत होतं. गुरुजींचं शेवटचं मंगलाष्टक संपत आलं. ‘सावधान’ म्हणताना गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं, मग काचेकडे बघितलं, आणि मान हलवली.

बाईंनी तीन अक्षरं दाबली. शांतपणे, एकामागून एक.

सनई, ताशा, संबळ, सगळं अगदी वेळेवर वाजलं. इतकं चोख की त्यांच्या अंगावर काटा आला.

आणि एकानेही अक्षत टाकली नाही.

सगळा मांडव मुठी आवळून एकमेकांकडे बघत उभा होता. मघाशी फसलो, आता नाही फसणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. ओवाळून घेतलेले काका तर मूठ पाठीमागे लपवून उभे होते. वाजंत्री वाजतेय, अंतरपाट दूर झालाय, नवरा-नवरी हार घेऊन तयार, आणि वरून एक दाणा पडेना.

शेवटी रामहरी गुरुजी त्या गोंगाटावर ओरडले, “हे खरं आहे. टाका.”

मग टाकल्या. चटणीच्या अक्षता जड असतात, त्या लांब जातात. जगदीशरावांच्या कोटावर दोन बसल्या आणि तशाच राहिल्या. पण आदिनाथरावांनी टोपी काढून डोळे पुसले, चेतना हसली, आणि चंद्रव्वांनी हातातल्या सगळ्या अक्षता नेम धरून नातवाच्या फेट्यावर मारल्या.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर महेश्वरने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “ताई, उद्यापासून माउस. नाहीतर तुमी कोठार सांभाळा. मला असलं काळीज न्हाय.”

“उद्याचं उद्या बघू,” बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर कोरा माउस होता. महेश्वर समोर हाताची घडी घालून उभा. तेवढ्यात आदिनाथरावांचा फोन आला. तक्रार नव्हती. लग्नाचं चित्रण तेवढं पाठवा म्हणाले, पावण्यांना दाखवायचंय.

“बघा, चांगली संधी आहे,” महेश्वर म्हणाला. “माउस धरा आणि ते फोल्डर उघडून दाखवा.”

बाईंनी माउस धरला. बाण पडद्यावर इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला.

“कुठं ठेवलंय ते?” महेश्वरने विचारलं.

“आत.”

“आत म्हणजे कुठं?”

“कॉम्प्युटरच्या आत. अण्णा, वस्तू कुठे आहे हे मी कधी बघत नाही. मी नाव घेते, ती येते.”

“मग घ्या नाव.”

बाईंनी माउस सोडला आणि ऐटीत बोटं कीबोर्डवर ठेवली. ती तिथेच थांबली. कालच्या गडबडीत त्यांनी त्या फोल्डरला कुठली तरी अक्षरं दिली होती. छान, सोपी, लक्षात राहण्यासारखी. कुठली, ते काही केल्या आठवेना.

त्यांनी ‘चेतना’ लिहून बघितलं. ‘ओजस’ लिहून बघितलं. काही हललं नाही. मग वरातीची अक्षरं असतील म्हणून ‘वर’पर्यंत गेल्या आणि बाहेर सनई सुरू झाली. ती घाईने बंद करून त्यांनी ‘जेवण’ सुरू केलं. रिकाम्या कार्यालयात त्यांचा आवाज घुमला, पहिली पंगत बसते आहे, पाहुण्यांनी जेवणाच्या हॉलकडे यावं.

मांडव झाडणारी मालती दारात आली. हातात झाडू तसाच. “बाई, पंगत हाय म्हणं. कुटं?”

“नाही पंगत. जा तू,” बाई म्हणाल्या.

महेश्वरने माउस त्यांच्याकडे सरकवला. “हरवलं का, ताई?”

वैजयंतीबाईंनी माउस परत त्याच्याकडे सरकवला, चष्मा सारखा केला आणि ताठ बसल्या.

“हरवलेलं काहीही नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त त्याचं नाव विसरलेय. तुम्ही जरा बाहेर थांबा. आणि मालतीला सांगा, आज दिवसभर मी काहीही बोलले तरी जागचं हलू नकोस.”